तेवढा एकच आवाज कापला

आमचा बँड तिघांचा होता. खानदेशात बँड म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि तो आम्हाला शेजाऱ्यांपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला: "वरातीले कितला लेतस?" आम्ही वरातीत वाजवत नाही, स्वतःची गाणी करतो, असं सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर कीव दिसायची. मला त्या किवेचा राग यायचा. त्या वयात मला कशाचाही राग यायचा, आणि राग आला म्हणजे आपण कलावंत, असा माझा समज होता.

इथे कुणाचं नाव लिहीत नाही. तिघांपैकी दोघांचं काही चुकलेलं नाही, आणि तिसरा मी.

मी धुळ्याचा. वडील सरकारी कचेरीत, आई शिक्षिका, म्हणजे घरात गिटार चालायची, पण परीक्षा संपल्यावर. बेस वाजवणाराही धुळ्याचाच. त्याच्या अब्बांचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. आमचे माइक, वायरी, स्टँड सगळं तिथूनच यायचं, मात्र गावात मिरवणूक नसेल त्या दिवशी. ड्रम वाजवणारा जळगावचा, घरचा केळीचा व्यापार. तिघं जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो. गॅदरिंगमध्ये तीन गाणी वाजवली, दोन शिव्या आणि एक टाळी मिळाली, आणि तेवढ्यावर आम्ही पुढची सहा वर्षं काढली.

सहाव्या वर्षी अल्बम करायचं ठरलं. बेसवाल्याच्या चुलतभावाचा धुळ्यात स्टुडिओ होता. तिथे अहिराणी लग्नाची गाणी व्हायची, एकामागून एक, सीझनमध्ये तर चहा प्यायलाही फुरसत नसायची. गाणारा बेसूर असला तरी मशीन त्याला सुरात आणायचं, टाळ्या कॉम्प्युटरमधून, शिट्ट्या कॉम्प्युटरमधून. त्या भाऊंना मी एकदा आमचं एक गाणं ऐकवलं. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हाई काय गानं शे का भो? यावर नाचानं कसं?" मला इतका अपमान वाटला की बसस्टँडपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मग बसमध्ये बडबडत सुटलो. आपण असा अल्बम करू, की ज्यात काहीही घासूनपुसून घेतलेलं नसेल. एका खोलीत तिघांनी बसून वाजवायचं. जे वाजलं ते वाजलं. मध्येच कुणी खोकला तर खोकला राहील, ट्रकचा हॉर्न आला तर हॉर्न राहील. नंतर काही जोडायचं नाही आणि काही कापायचं नाही. नियम माझा होता. बाकी दोघांनी मान डोलावली, कारण माझ्या तोंडी लागायचा त्यांना कंटाळा यायचा.

खोली कुठली, हा प्रश्न ड्रमवाल्याने सोडवला. त्याच्या वडिलांचं जळगावच्या बाहेर, भुसावळच्या रस्त्याला, केळी पिकवायचं चेंबर होतं. चार खोल्या, जाड भिंती, आतून थंडावा धरून ठेवणारे पत्रे, दार लावलं की बाहेरचं जग संपलं. तीन खोल्यांत कॅरेटवर कॅरेट रचून हिरवी केळी ठेवलेली असायची. गॅस सोडायचा, गारवा धरायचा, चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा होऊन निघायचा. चौथ्या खोलीचं गारव्याचं मशीन बिघडलं होतं आणि दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार येणार म्हणून येत नव्हता. ती खोली रिकामी होती. आम्ही आत जाऊन एक टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे संपली, मागे काही उरलं नाही. असला स्टुडिओ आम्हाला उभ्या जन्मात परवडला नसता.

आता ड्रमवाल्याचे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं कमी. त्यांना आमचं वाजवणं आवडत नव्हतं, पण त्यांनी कधी आडकाठीही केली नाही. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दीड महिना आधी त्यांनी मुलाला समोर बसवलं. मी तिथेच होतो, कारण जेवायला थांबलो होतो.

"तुले पुन्याले जायाचं हाये ना बँड घेऊन?" आबा म्हणाले. "जाय. एक वरीस दिलं तुले. पन अखजीपावतर इठलं काम सांभायून दाखव. हे तुमचं वाजवनं चार नंबरमधी करा, माहं काई म्हननं नही. पन पॅनलले हात लावायचा नही."

एवढी एकच अट. पॅनल म्हणजे खोल्यांच्या बाहेरच्या बोळात भिंतीवर लावलेली पेटी. तिच्यात चारही खोल्यांच्या मशीनच्या एमसीबी, म्हणजे वर-खाली करायचे खटके, प्रत्येकीखाली स्केचपेनने एक, दोन, तीन, चार असे आकडे.

ते एक वर्ष ड्रमवाल्याला किती हवं होतं, हे मला ठाऊक होतं. तीन पिढ्यांत त्या घरातलं कुणी केळी सोडून दुसरं काही केलं नव्हतं. तो मला म्हणाला होता, "वर्षभर वाजवू दे रे मले. मंग जन्मभर कॅरेटी मोजीन." चांगलं वाजवायचा. आमच्या तिघांत खरं वाजवता येणारा तोच होता. हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

अडचण पहिल्याच दिवशी आली. तीन नंबरच्या मशीनचा पंखा आमच्या भिंतीला लागून होता आणि तो चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये सारखी घुर्र यायची. नियमाप्रमाणे ती राहायला हवी होती. ट्रकचा हॉर्न मला चालत होता, हमालांची भांडणं चालत होती, कारण त्यांत काहीतरी जिवंत वाटायचं. पंख्याची घुर्र नको होती. म्हणजे नियम मी केला आणि त्याला पहिली पळवाटही मीच काढली.

चेंबरवर एक म्हातारे गृहस्थ काम बघायचे, त्यांना सगळे नाना म्हणायचे. मूळचे मुक्ताईनगरकडचे. तापमान दाखवणारे आकडे होते, घंटा वाजवणारं यंत्रही होतं, पण ते ऊठसूट वाजायचं म्हणून नानांनी त्याची वायर कधीच काढून ठेवली होती. ते खोलीत जाऊन उलटा हात केळीच्या फणीला लावायचे आणि सांगायचे, गरम आहे की बरोबर आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ते कधी चुकले नाहीत. ड्रमवाल्याने त्यांना गळ घातली. नाना म्हणाले, "पाच मिनिटं. वर एक नको. आन बंद तू करशीन, चालू बी तूच करशीन. ह्या धुयेवाल्याईनं हात लावायचा नही." तेव्हापासून गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रमवाला बाहेर जाऊन तीन नंबरची एमसीबी खाली करायचा, गाणं झालं की घाम पुसत आधी ती वर करायचा, मग पाणी प्यायचा. नाना हातातलं घड्याळ बघत बोळात उभे असायचे. आबांना यातलं काही माहीत नव्हतं.

महिनाभर असं चाललं. सहा गाणी झाली. सातवं, शेवटचं, बारा मिनिटांचं होतं. त्यात शब्द नव्हते. सुरुवातीला चार-पाच मिनिटं एकटा ड्रम, हळू सुरू होऊन चढत जाणारा, मग मी, मग बेस, आणि शेवटी तिघांनी एकेक करून थांबत जायचं, की पूर्ण शांतता यावी. ती शांतता माझ्या मते आमच्या अल्बमचा कळस होती.

अखजीला आठवडा उरला होता. नाना त्या दिवशी एका साखरपुड्यासाठी मुक्ताईनगरला गेले. जाताना ड्रमवाल्याला सांगून गेले, दुपारी चारला आणि संध्याकाळी आठला तिन्ही खोल्यांत हात लावून बघ. तो हो म्हणाला. आम्ही अकराच्या सुमाराला बसलो. आधी एक छोटं गाणं पुन्हा घेतलं, त्यासाठी त्याने एमसीबी खाली केली आणि नंतर वर केली. वर केलेली मी डोळ्यांनी पाहिली.

मग बारा मिनिटांचं. तो म्हणाला, "हे मोठं हाये, याच्याले बंद नको करू. घुर्र राहू दे. तुव्हाच नियम हाये ना?" आणि हसला. तो आणि बेसवाला आत जाऊन बसले. मी उघड्या दाराशी होतो, कारण प्लग तिथेच होता आणि लॅपटॉपचं टेबल तिथेच मांडलेलं. पॅनल माझ्या उजव्या हाताला, उभं न राहता पोचेल इतक्या अंतरावर.

त्याने सुरुवात केली. त्या दिवशी तो असा वाजवत होता की मी कानावरचे हेडफोन घट्ट दाबून धरले. आणि मागे ती घुर्र. मला शेवटची शांतता दिसायला लागली आणि त्या शांततेत पंखा. चौथ्या मिनिटाला तो जोरात आला, डोळे मिटलेले, दोन्ही हात चाललेले. मी हात लांब केला आणि तीन नंबरची एमसीबी खाली केली. मग गिटार उचलून गाण्यात शिरलो.

गाणं संपलं तेव्हा खरंच पूर्ण शांतता होती. अर्धा मिनिट कुणी हललं नाही. शेवटी ड्रमवाला हळूच म्हणाला, "किती शांत झालं रे." त्याचे डोळे भरले होते. माझेही. मी त्याला मिठी मारली, लॅपटॉप बंद केला आणि म्हणालो, चला, आत्ताच्या आत्ता धुळ्याला, भाऊंच्या स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर ऐकू. तो म्हणाला, चारला हात लावून बघायचं आहे. मी म्हणालो, एक दिवस नाही बघितलं तर केळी काय रडत बसणार आहेत? त्याने घड्याळ बघितलं, दोन वाजले होते. बोळातून जाताना त्याने हमालांच्या मुकादमाला सांगितलं, आठला एकदा दार उघडून बघ. आणि आम्ही त्याच्या गाडीत बसून निघालो.

एमसीबी माझ्या डोक्यातून साफ गेली होती. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही, कारण पुढे जे केलं त्यातून मला वाचवणारं काहीच नाही. पण विसरलो, हे खरं.

मुकादम आठला दार उघडायला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्यात, बेसवाल्याच्या घरी, पोहे खात होतो तेव्हा आबांचा फोन आला. एप्रिलचा जळगाव, बंद खोलीत पिकायला लागलेली केळी स्वतःच तापतात. नानांनी सकाळी दार उघडलं तर आतून वाफ आली. साल हिरवी ती हिरवीच आणि आतला गर शिजून मऊ. असा माल कुणी फुकट नेत नाही. पूर्ण खोली गेली होती.

ड्रमवाला फोनवर फक्त ऐकत होता. मग म्हणाला, "हां आबा. माह्याच हातानं बंद राह्यली." मी ताटलीकडे बघत होतो. त्याने फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "त्या लहान गान्याच्या वक्ताले बंद केली ना मी, ती मंग वर केलीच नही वाटते. मले वाटत व्हतं केली. पन शेवटी किती शांत व्हतं, आठवते ना? पंख्याचा आवाजच नव्हता. म्हनजे बंदच व्हती."

तिथे मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मला त्या क्षणी बोटाखालची एमसीबी आठवली, तिचा ताण, तो खटका, सगळं. मी पोह्यांवर लिंबू पिळलं.

का बोललो नाही, याची कारणं मी पुढे अनेक वर्षं तयार करत राहिलो, आणि एकेकाळी ती मला पटायचीही. बाप मुलाला दोन दिवस बोलेल आणि विसरेल; माझं नाव आलं तर धुळ्याच्या पोराला घरात घेतल्याबद्दल त्यालाच जास्त बोलणी बसतील. अल्बम बंद पडेल. तिघांच्या भल्यासाठी मी गप्प बसलो. आता यातलं काही पटत नाही. मला आबांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त, माझी मान खाली जाईल याची भीती वाटली. बस्, एवढंच होतं.

आम्ही तिघं जळगावला परत गेलो. आबा बोळात खुर्ची टाकून बसले होते, समोर ती खराब केळी ट्रॅक्टरमध्ये भरली जात होती. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि इतकंच म्हणाले, "माल गेल्याचं दुख नही. माल जातच राहते. एक बटन सांगितलं व्हतं." पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मुलानेही काढला नाही. नाना बाजूला उभे होते. त्यांनी आपल्या परवानगीची गोष्ट आबांना सांगितली, तेव्हा आबांनी त्यांनाही फक्त हात जोडले. मी मागे उभा, गिटारची पिशवी खांद्यावर. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला वाटत होतं माझ्या तोंडाकडे बघून सगळ्यांना कळतंय. कुणालाच काही कळलं नव्हतं.

अखजी झाली. ड्रमवाला चेंबरवर जायला लागला. ड्रम चार नंबरमध्येच खोक्यांच्या पुठ्ठ्यांखाली झाकून ठेवले, मग मशीन दुरुस्त झालं तेव्हा ते घरच्या माळ्यावर गेले. "मले सोडा आता," तो म्हणाला. "अल्बम तुमी पुरा करा. नाव राहू द्या माहं."

अल्बम मी धुळ्यात भाऊंच्या स्टुडिओत पुरा केला. सकाळी आठ ते दहा, लग्नाची गाणी म्हणणारे यायच्या आधी. वेगवेगळ्या माइकचे आवाज फक्त कमीजास्त करून एकत्र बसवायचे होते, बाकी हात लावायचा नव्हता. शेवटच्या गाण्याला आलो. दाराशी ठेवलेल्या माइकचा आवाज वेगळा काढून ऐकला आणि चौथ्या मिनिटाला ते ऐकू आलं. खट्. स्पष्ट. आणि त्या खट्च्या आधी, त्यावर आणि नंतर ड्रम चाललेला, एकही ठोका न चुकता. दोन्ही हातांचा ड्रम. कुणीही ऐकलं असतं तरी कळलं असतं की ज्याचे दोन्ही हात ड्रमवर आहेत त्याने बाहेर येऊन एमसीबी पाडलेली नाही.

मी ते चार वेळा ऐकलं. सुरुवातीची घुर्र आवाज कमी करून ड्रमखाली बुडवता आली, ते नियमात बसत होतं; खट् बुडत नव्हतं. मग तेवढा अर्धा सेकंद निवडला आणि कापला. सात गाण्यांच्या आख्ख्या अल्बममध्ये तेवढा एकच आवाज कापला. खोकला ठेवला, ट्रकचा हॉर्न ठेवला, एका हमालाने दुसऱ्याच्या आईचा केलेला उद्धार ठेवला. मूळ रेकॉर्डिंग मात्र मी पुसलं नाही. का ठेवलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पुसायची हिंमत झाली नाही, असंच म्हणू.

बेसवाला दुपारी आला, त्याने गाणं ऐकलं. चौथ्या मिनिटाला त्याने मान वर केली. "यहाँ कुछ था क्या? काही कापलं का?"

"नाही," मी म्हणालो. "नियम आहे ना."

त्याने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाला, बरं. त्या पावसाळ्यात तो सुरतला मामांच्या धंद्यात गेला. ईदला शुभेच्छा पाठवतो, मी उत्तर देतो. त्याला माहीत असावं असं मला वाटतं, पण विचारायचं धाडस झालेलं नाही.

अल्बम इंटरनेटवर टाकला. ऐकणारे थोडे होते, पण जे होते ते फार प्रेमाने ऐकायचे. कुठल्याशा शहरातल्या एका मुलीने लांबलचक लिहिलं, की इतका प्रामाणिक अल्बम तिने ऐकला नाही, कारण इथे कुणी काही लपवलेलं नाही. मी तिचे आभार मानले. एका महाविद्यालयात मला बोलायला बोलावलं, विषय होता, न कापण्याचं धाडस. मी गेलो. तिथे पन्नास मिनिटं बोललो आणि शाल घेऊन घरी आलो. ती शाल आईने कुणाला तरी देऊन टाकली, बरं झालं.

दुसरा ड्रमवाला शोधून आम्ही, म्हणजे मी, दोन कार्यक्रम केले. जमलं नाही. मी धुळ्यातच नोकरीला लागलो, लग्न झालं, गिटार भिंतीवर गेली. ड्रमवाल्याला वर्षातून एकदा-दोनदा भेटायचो. आता त्याच्या बोलण्यात केळी, गाड्या, भाव, मुलीची शाळा. आमच्यात काही बिघडलेलं नव्हतं, हेच मला सगळ्यात जड जायचं. तो मला भरीत-पुरी खायला घालायचा. जाताना विचारायचा, "नवीन काई वाजवतो का?"

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. दहाव्याला मी जळगावला गेलो. अंगणात नाना भेटले, आता फार थकलेले, काठी टेकत चालणारे. मला बाजूला बसवून त्यांनी इकडचं तिकडचं सांगितलं, आणि बोलता बोलता म्हणाले, चेंबरच्या चाव्या आबांनी शेवटपर्यंत जावयाकडे ठेवल्या. पोरगा रोज तिथे राबायचा, पण चाव्या जावयाकडे. "आबा म्हनत, पोरगं माहं चांगलं हाये, पन विसरभोळं हाये." नाना हे सहज बोलले.

महिनाभराने मी मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये घेतलं आणि जळगावला गेलो. दुपारची वेळ. चेंबरच्या ऑफिसात तो एकटाच होता. जावयाने आता चाव्या त्याच्याकडे दिल्या होत्या, टेबलावरच पडल्या होत्या. मी म्हणालो, तुला काहीतरी ऐकवायचं आहे. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

सुरुवातीला तो हसला. "बरा वाजवत व्हतो रे मी," म्हणाला आणि टेबलावर बोटं चालू केली. चौथ्या मिनिटाला खट् झालं. त्याची बोटं थांबली. "मांगं घे," तो म्हणाला. मी मागे घेतलं. पुन्हा. तिसऱ्यांदा त्याने स्वतः घेतलं. मग त्याने गाणं बंद केलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. हमाल गाडी भरत होते.

"मी केली होती बंद," मी म्हणालो. "मी चालू करायची विसरलो. आणि दुसऱ्या दिवशी मला आठवलं होतं."

"म्हनजे पह्यल्या दिवसापासून माहीत व्हतं तुले."

"हो."

मी शिवी यायची वाट बघत होतो. आली नाही. तो बोलायला लागला, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय. घराचं कुलूप तो तीनदा बघतो. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जातो. बायको हसते, मग चिडते, मग बोलायची बंद झाली. मुलगी तान्ही होती तेव्हा तिला एकदाही त्याने स्वतःच्या हाताने औषध पाजलं नाही. दिलंय हे विसरून परत देऊ, किंवा न देताच दिलं समजू, अशी भीती. "मले आठवत व्हतं मी ती वर केली व्हती," तो म्हणाला. "चांगलं आठवत व्हतं. पन बंद निघाली ना. मंग मी म्हटलं, आपल्याले जे आठवते ते खरं नसते. तवापासून मले माह्या डोक्याचा भरवसा नही."

मी माफी मागितली. वाक्य तयार करून आणलं होतं, धुळे ते जळगाव बसमध्ये घोकलं होतं, ते अर्ध्यात तुटलं आणि मी रडायला लागलो. त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"आबाले सांगाले पाह्यजे व्हतं रे," तो म्हणाला. "मले नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

चार वाजले. तो उठला, चाव्या घेतल्या. मला म्हणाला, "चाल." आम्ही बोळात गेलो. त्याने एकेक खोली उघडून फणीला उलटा हात लावून पाहिला, नाना लावायचे तसाच. मग आम्ही पॅनलसमोर उभे राहिलो. पेटी नवीन होती, पण स्केचपेनचे आकडे होतेच. मला वाटलं, निदान आज एवढं तरी आपण त्याच्यासाठी करू शकतो, म्हणून मी नीट वाकून बघितलं आणि म्हणालो, "चालू आहेत. चारही."

तो हो म्हणाला. मग त्याने माझ्या पुढून हात घालून एकेक एमसीबी बोटाने दाबून पाहिली, एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा एकदा पहिलीपासून.